निरोगी माणसं शोधायला गेले होते

डिसेंबरच्या अखेरीला मी चार दिवस कर्नाटकच्या कडेला फिरून आले. आमच्याकडची माणसं गाणगापूरला जातात ती दत्ताच्या दर्शनाला, आणि बसवकल्याणकडे वळलीच तर किल्ला बघायला. मी गेले होते निरोगी माणसं शोधायला. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पुण्यात एवढी टंचाई झाली का?

टंचाई नव्हती, पण आम्हाला पाहिजे होती ती माणसं तिथलीच हवी होती. मी पुण्यात एका संशोधन प्रकल्पात काम करते. तीव्र नैराश्य असलेल्या माणसांच्या मेंदूचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले असतात, ती जोडणी इतरांपेक्षा वेगळी असते का, हे आम्ही तपासतो. आमचे बरेच रुग्ण बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांतले, मराठी बोलणारे. त्यांचा एमआरआय कलबुर्गीच्या एका रुग्णालयात होतो. प्रत्येक रुग्णामागे तुलनेसाठी एक निरोगी माणूस लागतो: त्याच वयाचा, तेवढंच शिकलेला, शक्यतो त्याच गावचा. तीन जोड्या अपुऱ्या होत्या, म्हणून मी निघाले.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. एका माणसाचा मेंदू बघून त्याला नैराश्य आहे की नाही हे आम्हाला सांगता येत नाही. शंभर जणांची सरासरी काढायची, दुसऱ्या शंभर जणांची काढायची, आणि मग फरक दिसला तर दिसला. तोही एका संशोधनात एका बाजूला दिसतो, दुसऱ्यात नेमका उलट. हे मला पाच वर्षांपासून माहीत आहे. गावोगाव फिरताना मात्र प्रत्येकाने मला तेच विचारलं आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर आधीच्यापेक्षा वेगळं आलं.

गाणगापूर

गाणगापूर रोड स्टेशनवर उतरले तेव्हा राजशेखर अण्णा गाडी घेऊन उभे होते. हे आमच्या रुग्णालयाच्या ओळखीचे ड्रायव्हर. माझ्याशी मराठी, फोनवर कन्नड आणि पंक्चरवाल्याशी दखनी उर्दू. तिन्ही भाषांत त्यांचा आवाज तितकाच शांत. चार दिवस तेच माझ्याबरोबर होते.

यादीतले पहिले निरोगी गृहस्थ म्हणजे गोविंदराव, यात्रेकरूंच्या एका लॉजचे मॅनेजर. वय अठ्ठावन्न. मी कागद काढले तसे ते म्हणाले, मला शुगर आहे, चालेल का? चालेल म्हटलं. गुडघा दुखतो, चालेल का? तेही चालेल. बायको जाऊन दोन वर्षं झाली, ते? इथे मी अडखळले. आमच्या अर्जात त्याला वेगळा रकाना नाही. प्रश्नावलीत मात्र त्यांना सगळीकडे शून्य पडलं. झोप चांगली, जेवण चांगलं, कामात मन लागतं. बायकोचा विषय निघाला की ते खिडकीबाहेर बघत, पण त्याला आमच्याकडे गुण नाहीत.

दुपारी ते मला देवळाकडे घेऊन गेले. मधुकरीची वेळ होती. इथे यात्रेकरू झोळी घेऊन पाच घरं मागतात आणि घरची बाई भाकरी, भात, पातळ भाजी वाढते, कोण कुठला न विचारता. आमच्या सोसायटीत साखळीआडून आधी नाव विचारतात. आरतीला एक बाई खांबाला धरून मोठमोठ्याने रडायला लागली. तिचा भाऊ तिच्या चपला हातात धरून बाजूला उभा होता. बाकी कुणी वळूनही बघत नव्हतं. गोविंदराव म्हणाले, ही दरवर्षी येते, इथं रडते आणि वर्षभर कामाला लागते. मी विचार करत राहिले की ही बाई माझ्यापुढे बसली असती तर मी तिला कुठल्या गटात घातलं असतं. रडणं झाल्यावर तिने तोंड धुतलं, चपला घातल्या आणि भावाशी भाड्याच्या जीपवरून भांडत निघून गेली.

कोहिनूर

दुसऱ्या दिवशी कोहिनूरला पोचलो. येळवस नुकतीच होऊन गेली होती. त्या अमावस्येला इकडे सगळे शेतात जेवतात. आम्हाला उरलेलं आंबील मिळालं, आणि सगळ्या डाळी-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी. पुण्यात भज्जी म्हणजे तळलेली, म्हणून मी वाटीत बघत राहिले, तेव्हा घरधनी हसले. यादीतले दुसरे निरोगी म्हणजे हेच. नाव संगाप्पा, दोन पिढ्यांपासून तूर-ज्वारीची शेती.

इथे घोळ झाला. आमच्या अभ्यासात माणूस उजव्या हाताचा लागतो. मेंदूची मांडणी डावखुऱ्यांत थोडी वेगळी असू शकते, म्हणून तो नियम. संगाप्पा सही उजव्या हाताने करत, जेवत उजव्या हाताने. मी पुढे विचारलं, विळा कुठल्या हाताने? डाव्या. झाडू? त्यांनी आयुष्यात झाडू धरला नव्हता, असं त्यांची बायको आतून म्हणाली. आगपेटीची काडी कशी ओढता म्हटल्यावर त्यांनी ओढून दाखवली, डाव्या हाताने. मग लहानपणी मास्तरांनी मारून मारून उजव्या हाताने लिहायला लावलं, हे बाहेर आलं.

मला त्यांना वगळावं लागलं. त्यांना ते अजिबात पटलं नाही. "म्हंजे मी निरोगी न्हाई व्हय?" असं त्यांनी तीनदा विचारलं. तुम्ही ठणठणीत आहात, फक्त आमच्या कामाचे नाही, हे मी तीन प्रकारे सांगितलं. निघताना त्यांनी गाडीत शेंगांची पिशवी ठेवली, पण चेहरा उतरलेलाच. तासाभरापूर्वी चांगल्या असलेल्या माणसाला मी शंका देऊन निघाले होते. अण्णांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, उद्यापर्यंत विसरतील. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, किंवा नाही विसरणार.

मुडबी

मुडबीत मला ओळखीचं घर होतं. त्या घरातली थोरली जाऊ, शकुंतलाबाई, आमची रुग्ण. (तिचं आणि तिच्या धाकट्या जावेचं नाव मी बदललं आहे.) सहा महिन्यांपूर्वी तिला कलबुर्गीला आणलं तेव्हा ती बोलतच नव्हती. तिच्या वतीने सगळी उत्तरं धाकट्या जावेने, पंचशीलाने दिली होती. ती हसून, हातवारे करून सांगायची. तिनेच थोरलीचे केस विंचरले, तिनेच जोडवी काढून पदरात बांधली आणि स्कॅन होईपर्यंत काचेपाशी उभी राहिली. तेव्हा मी माझ्या वहीत तिच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं: हसरी, निरोगी म्हणून चालेल. वय तीन वर्षांनी कमी, दोघीही सातवी शिकलेल्या. याहून चांगली जोडी मिळाली नसती.

अंगणात पंचशीला तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती. शकुंतलाबाई गिरणीवर गेलेली. तिचा नवरा शेतात, पंचशीलाचा हैदराबादला वायरिंगच्या कामावर; तो महिन्यातून एकदा येतो. घरात ती आणि मी दोघीच होतो, म्हणून मी तिथेच सुरुवात केली.

पहिल्या दोन प्रश्नांना ती हसत उत्तरं देत होती. मन कशात लागतं का? काम असतंय की, लागंल न्हाई तर काय. झोप? पडल्या पडल्या येत नाही, आणि आली तर उठावंसं वाटत नाही. थकवा? तो तर हायच. मी गुण मांडत होते आणि मनात ते कमी करत होते. काम जास्त आहे म्हणून थकवा असेल. नवरा लांब आहे म्हणून झोप नसेल. मला ती निरोगी हवी होती. हे आज लिहिताना कळतंय, तेव्हा कळलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न मी नेहमी थोडा भरभर वाचते: गेल्या दोन आठवड्यांत, आपण मेलो तर बरं असं मनात आलं का?

"व्हय," ती म्हणाली. घरात पाणी आहे का, असं विचारल्यावर म्हणावं तसं. शेंगा सोलणं थांबलं नव्हतं. "रोज न्हाई येत. पण येतंय. आता तुमी इचारलाव तर न्हाई म्हणून कामून सांगू?"

मी पेन खाली ठेवलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पण तुमी मला निरोगी म्हणून लिवलंय न्हवं?"

अशा वेळी काय करायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं. माणसाला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं, घरातल्या एका तरी माणसाला सांगायचं. मी फोन काढला तर रेंज नव्हती. रेंज शेजारच्या ओट्यावर येते असं पंचशीलानेच सांगितलं आणि मला तिथे घेऊन गेली. कलबुर्गीच्या आमच्या डॉक्टरबाई तिच्याशी वीसेक मिनिटं बोलल्या. मी दहा पावलांवर उभी. मग त्या मला म्हणाल्या, आज लगेच काही करेल असं वाटत नाही, तसं काही करणार नाही असा शब्दही तिने दिलाय, पण एकटी राहता कामा नये, उद्या सकाळी घेऊन या. आणि घरी कुणाला तरी सांगा.

अंगणात परत आलो आणि कुणाला सांगायचं इथेच सगळं अडलं. नवऱ्याला नको, तो काम टाकून येईल. दिराला नको, लाज वाटते. आणि शकुंतलाबाईला तर अजिबात नको. "अक्का आत्ता कुठं उभी राहायलीय," ती म्हणाली. "तिला कामून सांगायलाव? माझ्या पायी ती परत पडंल."

मला तिचं म्हणणं पटत होतं आणि पटत नव्हतं. माझ्या कागदांत शकुंतलाबाई रुग्ण होती. तिच्यावर असला भार टाकायचा नाही हेही आम्हाला शिकवलेलंच आहे. कुठला नियम आधी पाळायचा? मी पुन्हा फोन करून विचारायला हवं होतं, पण तिला सोडून ओट्यावर कशी जाऊ आणि तिच्यासमोर कसं बोलू, हेही सुचेना. शेवटी मी तिला खरं ते सांगितलं, की कुणालाच न सांगता मला इथून जाता येणार नाही. कुणाला सांगायचं ते तूच ठरव. ती सोललेल्या दाण्यांतून किडका दाणा वेचून टाकत राहिली.

तेवढ्यात शकुंतलाबाई पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आली. मला बघून हसली, मग धाकटीकडे बघितलं आणि डबा उतरवून जागेवर उभीच राहिली. मी पंचशीलाला विचारलं, सांगू का? तिने मानेनेच हो म्हटलं. मी तीन वाक्यांत सांगितलं.

शकुंतलाबाईने पदराने हात पुसले. "मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

पंचशीलाने वर बघितलं.

"धुतलेलं भांडं परत धुवायलीस तू. दिवाळीपासून बगायलेय. मी बी तेच करायलते."

मी न राहवून विचारलं, मग तुम्ही कुणाला बोलला कशा नाहीत? ती माझ्याकडे वळली. रागाने नाही, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. "मी गोळ्याची बाई. माझं कोण ऐकलं असतं? तुमी तरी ऐकला असता का?"

मी ऐकलं असतं असं म्हणायला तोंड उघडलं, पण माझ्या वहीतलं वाक्य मला आठवत होतं.  शकुंतलाबाई खाली बसली, शेंगांचा अर्धा ढीग आपल्याकडे ओढला आणि सोलायला लागली. उद्या मी संगं येते, म्हणाली. पंचशीलाने विचारलं, आणि भाकरी कोण करंल?

"ह्ये करतील. न्हाई तर उपाशी बसतील."

त्या रात्री दोघी एका खोलीत झोपणार असं ठरवून मी बसवकल्याणला मुक्कामी गेले.  मी निरोगी बाई शोधायला आले होते. जिला निरोगी समजले ती आजारी निघाली आणि जिला आजारी समजत होते तिला हे दोन महिने आधी कळलेलं होतं. कोण कुणाची काळजी घेत होतं तेही आता मला सांगता येईना.

कलबुर्गी

सकाळी मुडबीला पोचलो तर पंचशीला चुलीपुढे होती. "बसा, सुशीला खाऊन निघू," ती म्हणाली. मला वाटलं सुशीला नावाची आणखी कुणी बाई यायची आहे. मी अण्णांना म्हटलं, मागे तिघींना जागा होईल ना? अण्णांनी मान वळवून घेतली. सुशीला म्हणजे चुरमुरे भिजवून केलेला पोह्यांसारखा पदार्थ, वर शेंगदाण्याचं कूट. दोघी जावा हसल्या. मीही हसले, पण पंचशीलाचं हसू मी आता वेगळ्या नजरेने बघत होते आणि त्याचीच मला लाज वाटली. हसणाऱ्या बाईला हसूही देऊ नये की काय.

रस्त्यात दोन्हीकडे तुरीची कापणी चालली होती. मागे शकुंतलाबाई हळू आवाजात सांगत होती, पहिले पंधरा दिवस तोंड कोरडं पडतं, पाणी जवळ ठेवायचं. काही फरक नाही असं वाटतं, तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. मी एकदा सोडल्या होत्या, तू रागावली होतीस. डॉक्टरबाईंनी दुपारी साधारण हेच सांगितलं, अवघड शब्दांत.

डॉक्टरबाई तासभर बोलल्या. नैराश्यच आहे, बरंच आहे, पण वेळेत आलात, असं त्या म्हणाल्या. गोळ्या लिहून दिल्या. पहिली रात्री जेवणानंतर.

मी पुण्याला सरांना फोन केला. सर म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख. त्यांनी आधी ती सुरक्षित आहे ना, हे विचारलं. मग म्हणाले, म्हणजे गोळी अजून सुरू झालेली नाही? पुढचं त्यांना सांगायची गरज नव्हती. आमचे बहुतेक रुग्ण महिनोन्‌महिने गोळ्या घेत असतात. जोडणीतला जो फरक दिसतो तो आजाराचा की गोळ्यांचा, हेच आम्हाला सोडवता येत नाही. गोळीआधीचा स्कॅन फार क्वचित मिळतो. चार वाजता यंत्र रिकामं होतं. विचारून बघ, नाही म्हणाली तर नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी व्हरांड्यात तीन फेऱ्या मारल्या. काल ही बाई मरणाबद्दल बोलली आणि आज मी तिला आमच्या कामासाठी विचारणार. दुसरीकडे, याच कामातून उद्या कुणाला काही मिळालं तर? डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, धोका नाही, ती समजून होकार-नकार देऊ शकते, पण आग्रह करू नका. आग्रह न करता विचारायचं कसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

पंचशीलाने सगळं ऐकून घेतलं. त्याने मला काय झालंय ते कळेल का, म्हणाली. नाही, म्हटलं. अक्काला काही उपयोग? तोही नाही. मग कुणाला? मी म्हटलं, खूप वर्षांनी कदाचित कुणाला तरी. हे मला स्वतःलाच इतकं पोकळ वाटलं की मी कागद मिटायला लागले.

शकुंतलाबाई मधेच म्हणाली, "जा. आत गेल्यावर कुणी हाक मारत न्हाई."

पंचशीलाने जोडवी काढली, मंगळसूत्र काढलं, केसांतल्या पिना एकेक करून अक्काच्या हातात दिल्या आणि आत गेली.

या स्कॅनमध्ये काही करायचं नसतं. डोळे उघडे ठेवून समोरच्या अधिकच्या चिन्हाकडे बघत दहा मिनिटं पडायचं. एकच अट, झोपायचं नाही. झोपेत मेंदूची जोडणी बदलते आणि मग तो स्कॅन तुलनेला चालत नाही. हे मी तिला दोनदा सांगितलं होतं. यंत्राचा आवाज एवढा असतो की तशी झोप लागणं अवघडच.

तिसऱ्या मिनिटाला तंत्रज्ञ म्हणाला, मॅडम, ह्या झोपल्या. श्वासाची रेघ पडद्यावर संथ झाली होती. कॅमेऱ्यात डोळे मिटलेले. त्याने बोलायच्या बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. उठवून पुन्हा सुरू केलं असतं तर स्कॅन मिळाला असता. यंत्र पाचपर्यंत आमचंच होतं.

शकुंतलाबाई काचेशी उभी होती, मुठीत पिना. "उठवू नका," ती म्हणाली. "मी बघते की रोज. कितीक दिस झाले, अशी झोपली न्हाई."

तंत्रज्ञ म्हणाला, पण ही फाइल वाया जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, पूर्ण होऊ दे. हा निर्णय बरोबर होता की चूक, हे मला त्या क्षणीही ठरवता आलं नाही. दहा मिनिटं संपली, यंत्र थांबलं, आणि एकदम शांतता झाल्यावर तिला जाग आली.

परत आल्यावर

सर रागावले नाहीत. ते फक्त अरेरे म्हणाले. फाइलवर वापरता येणार नाही असा शेरा पडला. पंचशीलाचं नाव आता कुठल्याच गटात नाही. शकुंतलाबाईला जोडी म्हणून गावातली दुसरी बाई शोधायची आहे. ती कशी शोधायची, हे मला आधीपेक्षा कमी कळतं.

दोन महिन्यांनी मी चौकशीला फोन केला. शकुंतलाबाईने सांगितलं, पंचशीलाचं तोंड कोरडं पडायचं थांबलंय, गोळी दोघी एकदमच घेतो, आणि परवा ती शेळीवरून माझ्याशी कडाडून भांडली. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. नवऱ्यालाही मग पंचशीलाने स्वतःच सांगितलं. तो आता पंधरा दिवसांनी येतो.

मग पंचशीलाने फोन घेतला. इकडचं तिकडचं बोलली. ठेवायच्या आधी म्हणाली, "त्या फोटूत काय निघालं, ते तुमी सांगितलाव न्हाई."

 जोडणी, सरासरी, गट, सगळं जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. मी म्हटलं, तुम्ही झोपलेल्या होतात, एवढंच निघालं.

पलीकडे ती ओट्यावर उभी असणार, वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता.

"मग बरोबर हाय की," ती म्हणाली. "मला त्येच पायजे होतं."